पहिले गाणे उडते, शेवटचे बोबडे बोलते

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयात कोणी तेच तेच बोलू लागले, की “रेकॉर्ड अडकली वाटतं!” असे म्हणण्याची पद्धत आहे. विद्यार्थी म्हणतात, प्राध्यापकही म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी खरीखुरी रेकॉर्ड अडकलेली ऐकली आहे, असे विचारण्याचा मोह मला पुष्कळदा होतो. पण वर्गात तो आवरावा लागतो. मी मात्र ती ऐकली आहे. गेल्या पावसाळ्यात बोईसरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ती इतकी उडली, अडकली आणि घसरली, की शेजारच्या काकू “आज पण तेच का गं?” म्हणून दारात येऊन उभ्या राहू लागल्या. ती का उडते याचा छडा लावता लावता, दहावीनंतर गणिताचा निरोप घेतलेल्या माझ्यावर वर्गमुळे काढण्याची पाळी आली.

रेकॉर्ड प्लेअर असावा असे आमचे घर नाही. बाबा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर आहेत. आई अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीत तीन घरी स्वयंपाक करते. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मीच पहिली. धाकटा भाऊ अजून दहावीत आहे. आईच्या त्या तीन घरांपैकी एका घरच्या साहेबांना जुन्या गाण्यांचा भारी नाद. त्यांच्या वडिलांनी १९७८ साली घेतलेला जपानी बनावटीचा टर्नटेबल, एक जड अॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर त्यांनी निगुतीने सांभाळले होते. संध्याकाळी साहेब कामावरून येत, तबकडी लावत, आणि आत आई पोळ्या लाटता लाटता ऐके. अशी सोळा वर्षे गेली. त्या यंत्राला हात लावू नको असे तिला कोणी कधी म्हटले नव्हते. पण ती मनाई तिने स्वतःच स्वतःला घातली होती. झाकणावरची धूळ मात्र रोज पुसायची.

साहेब निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे राहायला निघाले, तेव्हा आईला म्हणाले, “मावशी, माझ्यापेक्षा तुम्हालाच ही गाणी जास्त पाठ आहेत. तुम्हीच घेऊन जा.” यंत्र टेम्पोत बसून आमच्या चाळीत आले. बरोबर अडतीस मोठ्या तबकड्या आणि थोड्या लहान. सुधीर फडके यांच्या आवाजातले गीतरामायण, भीमसेन जोशींचे अभंग, किशोरी आमोणकरांचा भूप, अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली तबकडी. शिवाय शांता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिलेली कोळीगीते. ही शेवटची आईची विशेष लाडकी, कारण तिचे माहेर किनाऱ्यावरचे.

हीच गाणी मोबाइलवर स्वच्छ ऐकू येतात, हे मी नाकारत नाही. तबकडीचा आवाज ‘उबदार’ असतो वगैरे जे लिहिले जाते, ते मला फारसे पटलेले नाही. आमच्या पत्र्याखाली मे महिन्यात सगळेच उबदार असते. पण आईच्या डोक्यात गाणी लागली आहेत ती तबकडीच्या क्रमाने. एक गाणे संपले, की पुढच्याचा पहिला सूर तिच्या ओठांवर आधीच येतो. मोबाइलवर त्या जागी भलतेच काहीतरी लागते, नाहीतर बनियनची जाहिरात.

तर यंत्र आले, लावले, आणि दुसऱ्याच दिवशी आईने निदान सांगितले : “पयलं गाणं उडतं नि शेवटचं बोबडं बोलतं. मधली बरी हायत.” पुढे दोन महिने मी जे वाचले, मोजले आणि विचारले, ते सगळे या एका वाक्यात होते. फक्त ते उलगडायला वेळ लागला.

पहिला संशय गेला तो रेल्वेवर. आमचे घर रुळांपासून फार लांब नाही, आणि मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी किणकिणतात. दुसरा संशय भूकंपावर. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या बाजूला, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, धक्के बसू लागले, तेव्हापासून आमच्याकडे काहीही हलले की दोष भूकंपाला देण्याची सोय झाली आहे. दिवसा मालगाडी आणि रात्री भूकंप, अशी वाटणीच भावाने करून टाकली होती. पण मी घड्याळ घेऊन बसले. मोठी तबकडी मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. आमची सुई बरोबर त्याच अंतराने दचकत होती. दर १.८ सेकंदांनी येणारी मालगाडी पश्चिम रेल्वेने अजून सुरू केलेली नाही. तेव्हा दोष तबकडीत किंवा सुईत, जमिनीत नाही.

डोळे तबकडीच्या पातळीला आणून पाहिले, तर तिची कड वरखाली होत होती, सातपाटीच्या बंदरात नांगरून ठेवलेल्या होडीसारखी. तबकड्या वर्षानुवर्षे ठेवल्या, उन्हाळे पाहिले, की त्यांना असा बाक येतो. तो बाहेरच्या कडेला जास्त आणि आत कमी. पहिले गाणे का उडते, याचे अर्धे उत्तर इथे मिळाले. पण अर्धेच. कारण साहेबांच्या घरी याच तबकड्या, याच बाकासह, सोळा वर्षे सुरळीत वाजल्या होत्या. आई त्याची साक्षीदार. मग बदलले काय?

बदलली होती सुई. सामान बांधताना जुनी सुई मोडली होती. साहेबांच्या पुतण्याने, मोठ्या मनाने, मुंबईतल्या एका दुकानातून नवे कार्ट्रिज आणून बसवून दिले होते. (सुई ज्या लहानशा ठोकळ्यात बसते आणि तिच्या हालचालीची जिथे वीज होते, तो ठोकळा म्हणजे कार्ट्रिज.) दुकानदाराने त्याला “सगळ्यात नाजूक, सगळ्यात भारी” म्हणून जुन्या साठ्यातले एक काढून दिले. किंमत ऐकून बाबा बराच वेळ काही बोलले नव्हते.

यावर भावाने जो उपाय केला, तो तुमच्यापैकी काहींच्या आजोबांच्या घरी झालेला असेल. त्याने देव्हाऱ्याच्या खणातून चार आण्याचे जुने नाणे काढून सुईच्या डोक्यावर ठेवले. ते नाणे चलनातून २०११ साली गेले, पण वजनाला अजून अडीच ग्रॅम भरते. गाणे उडायचे थांबले खरे. पण नव्या कार्ट्रिजला पेलणारा भार दीड ग्रॅमच्या आत, आणि आता त्यावर पडले पावणेचार. सुईची दांडी मुडपून कार्ट्रिजचे पोट तबकडीला घासू लागले. जुन्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर पोलादी सुई शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त भाराने चाले. ते दिवस १९४८ साली विनाइलची लांब वाजणारी तबकडी आली तेव्हाच सरू लागले. विनाइलला दोन ग्रॅम पुरतात. आणि हे दोन ग्रॅमही थोडे समजू नयेत. सुईचे टोक खाचेला टेकते ती जागा इतकी सूक्ष्म, की तिथला दाब दर चौरस सेंटिमीटरला टनांच्या घरात जातो. म्हणून भार वाढवून गाणे थांबवून धरणे म्हणजे तबकडी झिजवणे. तसेच, पुष्कळांना वाटते त्याच्या उलट, भार फार कमी ठेवणे हेही तबकडीवर दया करणे नव्हे. हलकी सुई खाचेतून सुटून भिंतींवर आपटत जाते, आणि प्रत्येक आपटीला थोडे गाणे खरवडले जाते. आमच्याकडे दोन्ही प्रकारांनी ते चालले होते.

याच सुमारास जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ मुंबईहून आले. त्यांनी तीन तबकड्यांची पहिली गाणी लावून पाहिली, मान हलवली, आणि “माल घासलेला आहे, पण सगळे मिळून घेतो” म्हणत एक आकडा सांगितला. आकडा वाईट नव्हता. स्वयंपाकघरावरचे गळके पत्रे बदलून झाले असते. बाबांनी आईकडे पाहिले. आईने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, मला दिवाळीपर्यंत वेळ द्या. कशाच्या जोरावर म्हटले, ते तेव्हा मलाही सांगता आले नसते; पण मधली गाणी बरी वाजत होती, आणि घासलेल्या मालाची मधलीच गाणी बरी कशी राहतील, हा प्रश्न त्या गृहस्थांनी स्वतःला विचारला नव्हता.

आता थोडे यंत्राविषयी. सुईचा हात, ज्याला टोनआर्म म्हणतात, तो म्हणजे रेल्वेचे फाटक समजा. एका बाजूला लांब दांडा, दुसऱ्या बाजूला खुंटीजवळ जड ठोकळा, आणि त्यामुळे दांडा एका बोटाने उचलता येतो. पण तोल साधला म्हणून दांडा हलका झाला असे होत नाही. फाटकाचे टोक धरून ते पटपट वरखाली करू पाहा. मनगटाला ते जड लागेल. सुईलाही हात असाच जड लागतो. सुईपाशी जाणवणारे हे वजन तराजूवरच्या वजनाहून वेगळे असते. मागचा ठोकळा कितीही भारी असो, तो खुंटीला चिकटून असल्याने थोडाच जाणवतो. पुढच्या टोकाचा प्रत्येक ग्रॅम मात्र पुरेपूर जाणवतो. साहेबांनी जपून ठेवलेल्या माहितीपुस्तिकेत आमच्या हाताचे, पुढच्या हेडशेलसकट, जाणवणारे वजन २० ग्रॅम दिले होते. त्या काळच्या इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या जपानी हातांत हे नवल नाही. ते जडच असत.

दुसरी गोष्ट सुईची लवचिकता. सुईची दांडी रबराच्या बारीकशा गादीत बसवलेली असते. ती गादी किती मऊ, याला आकडा असतो. आकडा मोठा म्हणजे सुई मऊ. नव्या कार्ट्रिजच्या कागदावर तो ३० होता, म्हणजे फारच मऊ.

याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला तो पुस्तकातून नव्हे. एका रविवारी मी वाचलेले बाबांना सांगत होते, तर ते उठले आणि त्यांच्या हत्यारांच्या पेटीतून एक लांब स्प्रिंग काढून दाराच्या चौकटीला टांगली. तिला एक नट अडकवला आणि खेचून सोडला. तो भराभर वरखाली झाला. मग चार नट अडकवले; ते सावकाश झोके घेऊ लागले. मग आखूड, ताठ स्प्रिंग लावली. तेच चार नट पुन्हा भराभर. “वजन वाढव नाहीतर स्प्रिंग मऊ कर, झोका मंद होतो,” ते म्हणाले. “आमच्या मोटरखाली पण रबर बघूनच लावतात. मऊ रबरावर जड मोटर नाचते.” बाबांची शाळा नववीत सुटली. अनुनाद हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही.

शब्द आणि सूत्र मिळाले ते आपल्या विज्ञान विभागातील मॅडमकडून. “बी.ए.ला अनुनाद कशाला?” असे त्यांनी हसून विचारले, पण मग प्रयोगशाळेतल्या फळ्यावर सगळे मांडून दाखवले. हाताचे जाणवणारे वजन, कार्ट्रिजचे वजन आणि स्क्रूंचे वजन यांची ग्रॅममध्ये बेरीज करायची. तिला लवचिकतेच्या आकड्याने गुणायचे. गुणाकाराचे वर्गमूळ काढायचे, आणि १५९ ला त्याने भागायचे. येईल ते उत्तर म्हणजे हात आणि सुई मिळून सेकंदाला किती झोके घेऊ पाहतात ती संख्या. ही संख्या ८ ते १२ च्या दरम्यान असावी. कारण त्याखाली तबकडीच्या बाकाचे आणि घरातल्या पावलांचे हेलकावे असतात. साधारण पाच-सहापर्यंत त्यांचे राज्य. आणि वर, विसाच्या पुढे, संगीत सुरू होते. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात फाटक उघडावे, तसा हा मधला मोकळा पट्टा आहे. हाताचा स्वतःचा झोका त्यात पडला, तर कोणाशी टक्कर नाही.

उमरोळी जाऊन बोईसर यायच्या आत मी गाडीत हिशेब केला. २० आणि ६ आणि १ मिळून २७. गुणिले ३० म्हणजे ८१०. वर्गमूळ साडेअठ्ठावीसच्या थोडे खाली. १५९ ला भागून आले ५.६. अगदी बाकाच्या आणि पावलांच्या गर्दीत. तबकडीची कड वर आली की हात उचलला जाई, पण जड असल्याने तो तिथे थांबत नसे. मऊ सुईवर नाचत राही. सुई क्षणभर चेपली जाई, क्षणभर सुटे, आणि सुटली की गाणे उडे. कार्ट्रिज वाईट नव्हते. हलक्या, सडपातळ हातावर ते सुखाने वाजले असते. आमचा हातही वाईट नव्हता. दोघांचे जमत नव्हते, एवढेच.

पण कागदावरच्या आकड्यावर विसंबणे मला बरे वाटेना. जुन्या साठ्यातले रबर वाळून ताठ झालेले असू शकते. मग ३० हा आकडा खोटा, आणि माझा हिशेबही. तो पडताळण्यासाठी मैत्रिणीचा मोबाइल कामी आला. त्यात सेकंदाला २४० चित्रे टिपणारी संथ चित्रणाची सोय आहे. बाकावरून जाताना हात कसा नाचतो ते आम्ही टिपले, आणि मग एक एक चित्र पुढे सरकवत मोजत बसलो. एका झोक्याला कधी ४२ चित्रे, कधी ४४. २४० ला ४३ ने भागा. उत्तर ५.६ च्या आसपासच येते. वसतिगृहाच्या ओट्यावर बसून आम्ही दोघी ज्या आनंदाने ओरडलो, तो आनंद परीक्षेच्या निकालाने मला अजून दिलेला नाही.

आता सुई हवी होती ती अधिक ताठ. इथे एक गंमत सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे पुष्कळ जण चांगले कार्ट्रिज सोडून देत असतील. ऑडिओ टेक्निका या जपानी कंपनीच्या व्हीएम ९५ ई या कार्ट्रिजची लवचिकता ७ दिलेली असते. त्याच हिशेबाने ती आमच्या हाताला अंमळ ताठ वाटेल. परंतु जपानी कारखानदार हा आकडा सेकंदाला १०० कंपनांवर मोजतात, आणि आपले सूत्र १० च्या आसपासचा आकडा मागते. तिथे रबर अधिक मऊ वागते. सातचे साधारण दीडपट ते दुप्पट धरावे लागतात, म्हणजे साडेदहा ते चौदा. कार्ट्रिज ६.१ ग्रॅमचे. शिवाय मी दहा ग्रॅमच्या जुन्या हेडशेलऐवजी सात ग्रॅमचे घेतले, म्हणजे टोकावरचे तीन ग्रॅम गेले. बेरीज २४.१. हिशेब आला ८.७ ते १० च्या दरम्यान. मोकळ्या पट्ट्यात. दुकानदाराच्या ‘सगळ्यात भारी’पेक्षा किमतीला हे निम्म्याहून कमी. दोन महिने चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन मी ते जमवले. जुने कार्ट्रिज डबीत घालून साहेबांच्या पुतण्याला परत पाठवले. त्याने ते आनंदाने एका मित्राला दिले.

बसवण्याचे काम बाबांनी केले. केसासारख्या चार तारा : तांबडी, पांढरी, हिरवी, निळी. इंची नटबोल्टांची सवय असलेली त्यांची बोटे इतकी सावध मी कधी पाहिली नव्हती. पंखा बंद, बोलणे बंद, भावाला घराबाहेर काढलेले.

भार मोजायला चिंचणीचे मामा आले. मामा दागिन्यांच्या डाय कोरतात. आमच्या पट्ट्यात हा घरोघरचा धंदा आहे. त्यांच्याकडे ग्रॅमचा शंभरावा हिस्सा दाखवणारा काटा आणि डोळ्याला लावायचे भिंग. पहिल्या मोजणीला काट्याने काहीतरी भलताच मोठा आकडा दाखवला. मामा हसले. कार्ट्रिजच्या पोटात लोहचुंबक, काट्याची ताटली पोलादाची. चुंबक ताटलीला ओढत होते. मग यंत्राची फिरती थाळी काढून काटा खाली ठेवला, त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याचा माथा बरोबर तबकडीच्या उंचीला. आता हाताच्या मागच्या चकतीवर २ असताना काटा म्हणाला १.७४. कारखान्याने सांगितलेला भार १.८ ते २.२. पाव ग्रॅमचा हा फरक नुसत्या डोळ्याला कधीच कळला नसता. चकती किंचित फिरवून काटा २ वर आणला.

राहिले शेवटचे बोबडे गाणे. त्याचे कारण वेगळे. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण सुईखालून खाच एकाच वेगाने सरकत नाही. बाहेरच्या कडेला सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच जाते; शेवटच्या गाण्याला जेमतेम २१. तेवढाच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. सुई जराशी तिरकी बसली असेल, तर मधल्या गाण्यांत ते खपून जाते, शेवटी नाही. तिथे ‘स’ आणि ‘श’ फाटतात. हात खुंटीभोवती वळतो, म्हणून सुई सगळीकडे सरळ राहणे शक्यच नसते. ती मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर, अशा दोन ठिकाणी अगदी सरळ ठेवली म्हणजे बाकी ठिकाणची चूक कमीत कमी होते. हे गणित लोफग्रेन आणि बेअरवाल्ड या दोघांनी १९३८ आणि १९४१ साली मांडले, आणि अजून तेच चालते. त्या दोन बिंदूंचा छापील नकाशा मिळतो. पालघरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या यंत्राने तो कागदात बसावा म्हणून परस्पर लहान केला. दहा सेंटिमीटरची रेघ पट्टीवर ९.६ भरली. दुकानदाराने कुरकुरत दुसरी प्रत काढून दिली. नकाशावर ठेवून कार्ट्रिज हेडशेलच्या फटीत पाच मिलिमीटर पुढे सरकवले, तेव्हा ते दोन्ही बिंदूंवर सरळ बसले.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी अभंगांची तबकडी लावली. मैत्रीण मोबाइल रोखून बसली होती. कड वर आली, खाली गेली. हात तिच्याबरोबर वर गेला, खाली आला. नाच नाही. नंतर मोजले, तर एका झोक्याला २६ चित्रे, म्हणजे सेकंदाला सव्वानऊ. पहिले गाणे सरळ गेले. आई चकल्या तळत होती. तिने एकदाही वळून पाहिले नाही. पण बाजू संपत आली, शेवटचे गाणे लागले, तसा तिने गॅस बारीक केला. तळणाच्या आवाजात ऐकू येत नव्हते म्हणून. ‘स’ म्हणजे ‘स’, ‘श’ म्हणजे ‘श’. बाजू संपल्यावर ती म्हणाली, “साहेबांकडं अशीच लागायची,” आणि गॅस पुन्हा मोठा केला.

त्या गृहस्थांचा फोन दिवाळीनंतर आला. बाबांनीच घेतला. पत्र्यांना सध्या डांबराची पट्टी मारली आहे.

सगळ्या तबकड्या बऱ्या झाल्या, असे नाही. मधल्या दोन महिन्यांत जे खरवडले गेले ते परत येणार नाही. दोन तबकड्यांच्या पहिल्या गाण्यात बारीक खरखर कायमची राहिली आहे. त्या आता मी डिस्टिल्ड वॉटरने, म्हणजे बॅटरीच्या दुकानात मिळते त्याच पाण्याने, मऊ फडक्याने पुसून ठेवते आणि उभ्या ठेवते. आणि कोळीगीतांच्या लहान तबकडीवर एक खराखुरा चरा आहे, कोणाच्या तरी हातून कधी काळी पडलेला. त्याला ना हाताचे वजन, ना सुईची लवचिकता. सुई तिथे येते आणि एकाच फेऱ्यात फिरत राहते. आता आई यंत्राला हात लावते. ती जागा जवळ आली, की उठून बोटाने हात अलगद उचलते, केसभर आत सरकवते, पुन्हा ठेवते. आणि मधली गेलेली ओळ तेवढ्या वेळात स्वतः म्हणून घेते.